घरच्या बिस्किटाची न्याहारी

कष्टकऱ्यांच्या वस्तीत सकाळ लवकर होते आणि लवकर संपतेही. पाचला नळाला पाणी येते. साडेपाचला भांडी भरून होतात. सहाला नवऱ्याचा डबा, साडेसहाला मुलांची आंघोळ आणि सातला शाळेची पहिली घंटा. या धावपळीत एक काम हमखास मागे राहते, ते म्हणजे मुलांची न्याहारी. पोहे, उपमा, थालीपीठ या गोष्टी रविवारच्या. उरलेले सहा दिवस कपभर चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा.

कोणत्याही आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. जिला साडेसहाला धुण्याभांड्याच्या पहिल्या घरी पोहोचायचे आहे, जिचा नवरा रात्रपाळी करून नुकताच टेकला आहे, जिला सातची लोकल गाठायची आहे, तिने पोह्यांसाठी कांदा कधी चिरायचा? मी स्वतः कारकुनी करते. मस्टरवर लाल शेरा पडू नये म्हणून धावणारी बाई न्याहारीचा विचार कसा करते, हे मला कोणी वेगळे सांगायला नको. म्हणून या लेखात उपदेश कमी आणि एक करून पाहिलेली गोष्ट जास्त आहे. आमच्या विक्रोळीच्या वस्तीतल्या बायकांनी ओट आणि नाचणीची, आत खजुराचे सारण भरलेली बिस्किटे घरच्या घरी भाजायला सुरुवात केली. ती का केली, कशी केली आणि त्यातून काय काय उभे राहिले, ते सांगते.

आमच्या बुद्धविहारात सकाळी साडेसहा ते आठ अशी अभ्यासिका चालते. दुपारच्या शाळेतली मुले तिथे येतात. दहावीचे गणित शिकवायला येणारा मुलगा बी.एस्सी. करतो आहे. एक दिवस तो मला म्हणाला, "ताई, साडेसातनंतर ही पोरं माझ्याकडे बघत असतात, पण त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. मी शिकवतो आणि ती जांभया देतात." त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी वंदनेला उभी असताना चक्कर येऊन खाली बसली. तिला पाणी पाजले, गूळ दिला. विचारले तेव्हा कळले की आदल्या रात्री आठला जेवली होती, त्यानंतर पोटात फक्त कोरा चहा. मग आम्ही सगळ्याच मुलांना विचारले. निम्म्याहून अधिक मुले चहाबिस्किटावर आली होती आणि काही तर तेवढ्यावरही नाही. आपण मुलांना शिका म्हणतो. पण उपाशी पोराने शिकायचे कसे?

आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात भन्तेजींच्या तोंडून ऐकली असेल. भगवान बुद्ध आळवी नगरात आले. लोक धम्मोपदेश ऐकायला जमले. एका गरीब शेतकऱ्यालाही यायचे होते, पण त्याचा बैल हरवला होता. तो शोधत दिवसभर रानात फिरला आणि थकून, भुकेने व्याकूळ होऊन सभेला पोहोचला. तथागतांनी त्याला समोर बसवून उपदेश सुरू केला नाही. आधी त्याला जेवू घालायला सांगितले. त्याचे पोट भरले, मन स्थिर झाले, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला धम्मसुद्धा समजत नाही, मग वर्गमूळ कसे समजेल?

बाबासाहेबांनाही हे पुरते ठाऊक होते. लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला होता. म्हणूनच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडले गेले. शाळा असूनही राहण्याजेवण्याची सोय नसेल तर आपले मूल शाळेत टिकत नाही, हे ओळखून केलेले ते काम होते. धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी माता रमाईंनी आपल्या हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण तर आपल्या घराघरात सांगितली जाते. ती ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण त्या आठवणीचा खरा मान राखायचा असेल, तर आपल्या वस्तीतले मूल सकाळी काय खाऊन निघते, हे आपण पाहिले पाहिजे.

आता त्या पुड्याविषयी. बिस्किटाला मी शत्रू मानत नाही. पार्ल्याच्या स्टेशनवरून लोकल जाताना बिस्किटाच्या कारखान्याचा गोड वास डब्यात भरायचा, तो मुंबईतल्या कितीतरी कामगारांच्या आठवणीत आहे. तो कारखाना २०१६ साली बंद झाला, तेव्हा हळहळ वाटलेल्यांपैकी मीही एक आहे. गरिबाच्या हातात स्वस्त आणि स्वच्छ खाऊ आला, तो बिस्किटामुळेच. पण खाऊ वेगळा आणि न्याहारी वेगळी. कुठलाही पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. साध्या गोड बिस्किटावर बहुधा पहिला मैदा, मग साखर आणि पामतेल अशी नावे दिसतील. मैद्यात कोंडा नाही, त्यामुळे तंतू फार थोडा. असे खाणे लवकर पचते, लवकर साखर होते आणि लवकर भूक लागते. साडेसातच्या जांभईचे एक कारण हेही असते.

मग करायचे काय? पर्याय असा हवा होता, जो एकदा करून ठेवला की पाच-सहा दिवस टिकेल, सकाळी गॅस पेटवावा लागणार नाही, मूल चालता चालता खाऊ शकेल आणि मुलांना तो आवडेल. नाचणीची आंबील पौष्टिक खरी, पण ती दप्तरात घालता येत नाही. आमच्या वस्तीतल्या एक आक्का मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाला जातात. त्यांनी तिथे ओटची बिस्किटे केलेली होती. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्याकडं ओव्हन हाय म्हणून काय झालं? पातेल्यात मीठ घालून आपली आई नानकटाई भाजायचीच की!" या वाक्यापासून आमचे काम सुरू झाले.

ओट म्हटले की आपल्याला वाटते हे श्रीमंतांचे खाणे. पण या धान्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडात ते मुख्यतः घोड्याला घालायचे आणि शेजारच्या स्कॉटलंडात गरीब शेतकरी त्याचीच पेज आणि भाकरी करून जगायचे. आपल्याकडे उत्तर भारतात त्याला जई म्हणतात आणि ते जनावरांच्या वैरणीसाठी पेरतात. मग त्यातल्या तंतूमुळे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते असे संशोधनातून पुढे आले, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली तसा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली आणि घोड्याचे धान्य डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आले.

नाचणीचेही तेच झाले. आपल्या आजीच्या काळात नाचणीची काळपट भाकरी शाळेच्या डब्यात दिसली की मुले हसायची. पुढे भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले आणि तीच नाचणी रंगीत खोक्यात भरून दुप्पट-तिप्पट भावाने विकायला आली. जे आपण खात होतो तेव्हा ते हलके होते, त्यांनी खाल्ले की ते आरोग्यदायी झाले! यावर नुसते चिडून उपयोग नाही. आपल्या ताटातले आपण परत घ्यावे, हे बरे. १०० ग्रॅम ओटमध्ये साधारण १० ग्रॅम तंतू आणि ११-१२ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दोन्ही एकत्र केले तर वाढत्या मुलांना चांगलेच.

आता कृती सांगते. भगिनींनी ही कात्रण करून ठेवावी. साधारण २२ बिस्किटे होतात.

आवरणासाठी साधे पोह्यांसारखे दिसणारे ओट १०० ग्रॅम, नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, किसलेला किंवा पूड केलेला गूळ १०० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, घरातले रोजचे गोडेतेल ५० ग्रॅम, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, थोडी वेलची आणि लागेल तसे तीन-चार मोठे चमचे दूध. सारणासाठी बिया काढलेला मऊ काळा खजूर १५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम आणि अर्ध्या लिंबाचा रस. मसाला लावलेले ओट घेऊ नयेत, त्यात मीठ फार असते.

आधी सारण करावे. खजूर बारीक चिरून दोन चमचे पाण्यात मंद आचेवर ठेवावा आणि डावाने दाबत राहावे. तो लगद्यासारखा होऊन कढईची कड सोडू लागला की लिंबाचा रस आणि शेंगदाण्याचे जाडसर कूट घालून उतरवावे. सारण ओले राहिले तर बिस्कीट फुटते आणि टिकतही नाही. म्हणून पुरण आटवतो तसे ते आटवावे. थंड झाल्यावर हाताला तेल लावून त्याच्या बोराएवढ्या २२ गोळ्या करून ठेवाव्यात.

ओट कोरड्या कढईत चार-पाच मिनिटे भाजावेत. खमंग वास सुटला की गार करून मिक्सरला फिरवावेत, मात्र अगदी पीठ करू नये, रव्यासारखे ठेवावेत. नाचणीचे पीठही थोडे भाजून घ्यावे, म्हणजे कच्चट लागत नाही. तूप, तेल आणि गूळ एका परातीत हाताने चांगले फेसावे. मग सगळी पिठे, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची घालून चोळावे. शेवटी चमच्या-चमच्याने दूध घालून गोळा जेमतेम मिळून येईल इतकेच मळावे. हा गोळा झाकून २० मिनिटे ठेवावा. ओट दूध शोषून घेतात आणि पीठ आपोआप मऊ होते.

पुढचे काम पुरणपोळी करणाऱ्या हातांना शिकवायला नको. लिंबाएवढा उंडा घ्यायचा, त्याची पारी करायची, मधे खजुराची गोळी ठेवायची, पारी वर ओढून तोंड बंद करायचे आणि पेढ्यासारखे हलके चपटे करायचे. कड चिरली तर बोट ओले करून ती मिटवावी. वरून चार ओट लावले की छान दिसते.

ओव्हन असेल तर १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटे. नसेल तर जाड बुडाचे जुने अॅल्युमिनियमचे पातेले घ्यावे. त्यात बोटभर जाडे मीठ पसरून मध्ये कडे ठेवावे, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे. मग तूप लावलेल्या ताटलीत सहा-सात बिस्किटे थोडी अंतराने मांडून ती कड्यावर ठेवावी, पुन्हा झाकण लावावे आणि बारीक आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. खालची बाजू तपकिरी झाली की झाले. बाहेर काढल्यावर ती मऊ लागतात, म्हणून कच्ची समजून परत ठेवू नयेत. गार झाल्यावरच ती कडक होतात. तेच मीठ भाजणासाठी पुन्हा पुन्हा वापरता येते. गावाकडच्या भगिनींना आणखी सोपे आहे. बेकरीवाल्याकडे आपले जिन्नस नेऊन बिस्किटे आणि नानकटाई भाजून आणण्याची पद्धत सातारा, कोल्हापूरकडे अजून आहे. ताटे भरून न्यावीत आणि भट्टीतून भाजून आणावीत.

ही बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत. पाच-सहा दिवस चांगली राहतात, पावसाळ्यात तीन-चार दिवस. रविवारी दुपारी दोन तास दिले की आठवड्याची सोय होते. सकाळी दोन बिस्किटे आणि पेलाभर दूध, जमले तर एक केळे. मधल्या सुट्टीला आणखी एक. एवढ्यावर मूल दुपारपर्यंत तग धरते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. गूळ आणि खजूर हीसुद्धा साखरच आहे. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर गूळ आहे म्हणून बाधत नाही, अशा समजुतीत राहू नये.

बी.कॉम.ला शिकलेले कॉस्टिंग मला ऑफिसपेक्षा वस्तीतच जास्त उपयोगी पडले आहे. आमच्या बाजारातल्या भावाने मी वही मांडली. ओट २० रुपये, नाचणी ६, कणीक ५, तूप ३२, तेल ८, गूळ ७, खजूर ३०, शेंगदाणे ७, दूध-वेलची-पावडर ६ आणि गॅस ८. बेरीज १२९ रुपये. २२ बिस्किटांनी भागले तर एक बिस्कीट सहा रुपयांच्या आत पडते. दोन बिस्किटे म्हणजे बारा रुपये. पाचच्या पुड्यापेक्षा महाग आहे, हे मी झाकून ठेवत नाही. पण मूल शाळेजवळ वडापाव घेते, त्यापेक्षा स्वस्त आहे. घरात तीन मुले असतील तर रोजचे छत्तीस रुपये होतात आणि ते सर्वांना झेपणार नाहीत. म्हणून आम्ही अभ्यासिकेसाठी दुसरा मार्ग काढला. बचत गटातल्या दहा जणींनी आळीपाळीने विहारामागच्या खोलीत रविवारी बिस्किटे करायची. जिन्नस घाऊक बाजारातून एकदम आणायचे. वाढदिवस, नोकरी लागणे, नामकरण अशा प्रसंगी ज्याला जमेल त्याने हार-केकऐवजी एका घाण्याचा खर्च द्यायचा. अशा रीतीने अभ्यासिकेतल्या प्रत्येक मुलाला सकाळी सातला दोन बिस्किटे मिळू लागली. गणिताचा मुलगा आता साडेसातनंतर अवघड गणिते घेतो.

काम हाताला बसल्यावर साहजिकच विक्रीचा विचार आला. गटातल्या दोघी-तिघींना रोजगाराची फार गरज होती. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, कारण तिच्याशिवाय खाद्यपदार्थ विकता येत नाहीत. खोके छापले. गटाचे नाव माता रमाईंच्या नावावर आहे, तेच खोक्यावर घातले, खाली वस्तीचा पत्ता. ओळखीतल्या एका बाईंनी नमुना खाल्ला, त्यांना फार आवडला. त्यांच्या इमारतीतल्या भिशीसाठी आणि पुढे दर महिन्याला बरीच मोठी ऑर्डर त्या देणार होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "चव उत्तम आहे हो. फक्त खोक्यावरचं नाव आणि पत्ता तेवढा बदला. काहीतरी साधं नाव ठेवा. आमच्याकडे काही जण विचार करतात ना, तुम्हाला कळतंच." मला कळत होतेच.

भाजलेल्या पदार्थांचा आणि जातीचा झगडा आपल्याकडे जुना आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जात मोडली याची खूण म्हणून सभासदाला ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि तोही गुपचूप. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी जमली, तिथे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून केवढे ग्रामण्य झाले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका बिस्किटाने धर्म बुडतो, ही तेव्हाची समजूत. ते जुने झाले म्हणावे, तर डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून काढले गेले, ही बातमी देशभर छापून आली. बिस्कीट बदलले, खोके बदलले, पण बिस्कीट करणारा हात कोणाचा, हा प्रश्न तोच राहिला.

बाईंचा निरोप मी एकटीने ठरवण्याचा नव्हता. रविवारी विहारात बैठक घेतली. मते दोन्ही बाजूंनी आली आणि दोन्हींत तथ्य होते. एक तरुण भगिनी, जिचा नवरा गेल्या वर्षी वारला, ती स्पष्ट बोलली, "ताई, नावानं माझं भाडं भागत नाही. दुसरं नाव ठेवून पैसे येत असतील तर ठेवा ना. रमाईंनीपण शेण्या थापून संसार केला, पैशाचं मोल त्यांना माहीत होतं." कोणी तिला गप्प बसवले नाही. ती खोटे बोलत नव्हती. दुसरी म्हणाली, "आज खोक्यावरचं नाव काढायचं, उद्या पोरांना आडनाव बदलायला सांगायचं का?" बराच वेळ शांतता होती. मग आक्का बोलल्या. "मी बावीस वर्षं लोकांच्या घरी सैपाक केला. पहिल्या घरी जात सांगितली नव्हती. रोज भाकरी थापताना वाटायचं, आज कळंल, उद्या कळंल. त्या भीतीनं माझ्या हाताची चवच गेली हुती. ज्या दिवशी सांगून मोकळी झाले, ते काम गेलं, पण दुसरं मिळालं. मला आता परत तसं लपून भाकरी थापायची न्हाई."

हात वर करून ठराव झाला. नाव राहील. पण नुसता ठराव करून थांबलो असतो तर त्या तरुण भगिनीवर अन्याय झाला असता. स्वाभिमानाची किंमत एकटीने का मोजावी? म्हणून दुसरा ठराव असा झाला की त्या तीन महिन्यांत जी विक्री होईल तिच्यातले दोन घाणे जास्तीचे तिच्याकडे राहतील आणि भाड्यासाठी गटातून बिनव्याजी उचल मिळेल. मोठी ऑर्डर अर्थातच गेली. तिच्याऐवजी जवळच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, लेबर कॉलनीतले एक वाचनालय आणि १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचे एक मंडळ असे छोटे छोटे गिऱ्हाईक जमले. फायदा थोडा आहे, पण खोके मात्र नाव वर करून दुकानाच्या फळीवर उभे असते. त्या तरुण भगिनीने परवा स्वतः खोक्यावरचे नाव मोठ्या अक्षरात छापायला सांगितले.

या सगळ्या कामात एक गोष्ट माझ्या उशिरा नजरेस आली, ती माझ्या भगिनींना मुद्दाम सांगते. बिस्किटे करताना बायका मुलांची मोजतात, नवऱ्याच्या डब्याची मोजतात, अभ्यासिकेची मोजतात. स्वतःची कोणीच मोजत नाही. तुटलेली, करपलेली तेवढी आपली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा रक्तक्षय एका बिस्किटाने जाणार नाही. त्याला पालेभाजी, कडधान्य, अंडी-मटण-मासे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात. पण सकाळी सातला कोऱ्या चहावर लोकलच्या गर्दीत उभे राहायचे, हे तरी थांबवता येते. आम्ही आता नियमच केला आहे की घाणा उतरला की पहिली दोन बिस्किटे जिने भाजली तिची. सुरुवातीला बायका लाजल्या. आता बसून खातात.

शेवटी सरकारविषयी एक शब्द. आपण वस्तीत जे करतो ते सरकारची जबाबदारी उचलण्यासाठी नव्हे. शाळेत दुपारचे जेवण देण्याची योजना १९९५ साली आली आणि शिजवलेले अन्न मिळावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये आदेश द्यावा लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या न्याहारीचीही शिफारस आहे. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी सुरू करून दाखवली. तेथे जमले ते महाराष्ट्रात का जमू नये, ज्या महाराष्ट्रात फुले, शाहू आणि आंबेडकर झाले? आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला, आमदाराला हे विचारले पाहिजे आणि पत्र देऊन पोच घेतली पाहिजे. पोच घेतल्याशिवाय अर्ज हा अर्ज नसतो, हे मी कारकून म्हणून सांगते.

पण ती न्याहारी मिळेपर्यंत मूल थांबत नाही. त्याची शाळा उद्या सकाळी आहे. या रविवारी विहारातून आल्यावर दोन तास काढा. शेजारणीला बोलवा, एकीने सारण आटवावे, दुसरीने उंडे भरावेत. घरातल्या पुरुष मंडळींनी खजुराच्या बिया काढाव्यात आणि शेवटी परात घासावी, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. आणि डबा भरताना आधी आपली दोन बाजूला ठेवा.

जयभीम!